बाप, साप आणि दुसरं पान

माझ्या धंद्यातला सर्वांत मोठा विजय मी स्वतः पाहिलेला नाही. तो घडला तेव्हा मी चावडीपासून साठ-सत्तर पावलांवर, एका मोहाच्या झाडाखाली हद्दपार होऊन बसलो होतो. नंतर तो मला चौदा जणांनी चौदा तऱ्हांनी सांगितला. त्या चौदांतून गाळून घेतलेला हा पंधरावा. गाळणं हाच माझा धंदा आहे, तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही.

धंदा रेडिओ आणि लाऊडस्पीकरचा. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत, गडचिरोली त्याच चांद्याच्या पोटात होती, आणि जटपुरा दरवाज्याच्या आत माझं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, एक कथील वितळवायची सळई आणि एक मी. जिल्हाभर ग्रामपंचायतींना सरकारने बॅटरीचे रेडिओ दिले होते. ते बिघडले की मी सायकलवर पेटी बांधून निघायचो. लग्नसराईत लाऊडस्पीकर घेऊन बैलगाडीत बसायचो. वय पंचविशीच्या आसपास, अंगात पांढरा सदरा, आणि जगात आपल्याला न कळणारं काही नाही अशी खात्री.

ती खात्री गोंडपिपरीच्या अलीकडच्या एका तलावाच्या गावात पाण्यात गेली. पाण्यात म्हणजे खरोखरच पाण्यात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीतल्या खलपुरुषाची नातवंडं आज माझी गिऱ्हाइकं आहेत आणि चांगली माणसं आहेत.

त्या गावच्या ठेकेदाराच्या मुलीचं लग्न होतं. ठेकेदार म्हणजे लाकूड, बांबू, शिंगाडे, जे मिळेल त्याचा ठेका घेणारा, गावातला सगळ्यात रुंद माणूस. मांडव तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून, वेळ भर दुपारची, महिना चैत्राचा. गावात वीज कुठली असायला? माझा अ‍ॅम्प्लिफायर मोटारीच्या बॅटरीवर चाले. आता बॅटरी देते सहा व्होल्ट आणि आतल्या काचेच्या व्हॉल्व्हना हवेत अडीचशे. म्हणून मध्ये एक डबी असते, व्हायब्रेटर म्हणतात तिला. तिच्यात एक पातं सेकंदाला शंभर वेळा थरथरतं आणि विजेचे तुकडे तुकडे पाडतं. तुकडे पडले की ती वाढवता येते. वाढवली की पुन्हा सलग करावी लागते. ते काम कंडेन्सरचं. घागरी-घागरीने ओतलेलं पाणी रांजणात साठलं की खालच्या तोटीतून एकसारखी धार येते ना, तसा तो विजेचा रांजण. पण त्याच्या पोटात ओल असते, आणि चांद्याचं ऊन माणसाची ओल ठेवत नाही, तर कंडेन्सरची कुठून ठेवणार? माझा रांजण त्या दुपारी सुकला. पात्याची थरथर सरळ भोंग्यात गेली.

घूंऽऽऽ.

मुंबईत हा आवाज झाला असता तर कुणीतरी म्हणालं असतं, मशीन बिघडलं. आमच्या झाडीत उंच झाडाला बैलाच्या तोंडाएवढं मोहोळ लटकतं आणि त्यातल्या आग्यामाश्या उठल्या की रेडा मरतो. तिथे भर दुपारी आकाशातून 'घूं' आलं, तर माणूस विचार करत बसत नाही. मांडवातली एक म्हातारी नुसतं "आग्या" म्हणाली. पुढच्या मिनिटाला भटजी, वाजंत्री, वऱ्हाडी, दोन्हीकडचे व्याही आणि नवरदेव गळ्यापर्यंत तलावात उभे होते. बाशिंग एकटंच तरंगत शिंगाड्याच्या वेलांत गेलं. मांडवात मी आणि माझा भोंगा, दोघंच. मी धावत जाऊन तार ओढली. घूं थांबलं. सगळ्यांनी पाण्यातून माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवसापासून ठेकेदाराने मला 'आग्या मिस्त्री' केलं. नुसतं नाव ठेवलं असतं तर मी हसलो असतो, मला विनोद कळतो. पण तो पंचक्रोशीत सांगत सुटला की याला लग्नाला बोलावू नका, वरात तलावात निघते. दोन सराई माझा भोंगा माळ्यावर पडून राहिला.

दोन वर्षांनी त्याच गावात पंचायतीचा रेडिओ बंद पडला, म्हणून मला जावं लागलं. मी चावडीच्या कोपऱ्यात रेडिओ उघडून बसलो होतो आणि समोर चौकशी चालली होती. मालगुजाऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या जमीनदाऱ्या, खालसा झाल्या होत्या, तलाव सरकारकडे गेले होते, आणि कुठल्या तलावावर कुणाची वहिवाट याची नोंद करायला एक साहेब आले होते. साहेब देशावरचे, सज्जन, पण घामाने वैतागलेले. ठेकेदाराचं म्हणणं, मालगुजाराने तलावाचा ठेका माझ्या बापाला कागदावर दिला होता, मासेमारी करणारे ढिवर आमचे मजूर. ढिवरांचं म्हणणं, पाळ आम्ही राखतो, तुडूम आम्ही राखतो, मासोळी पिढ्यान्‌पिढ्या आमची, मालगुजाराने तसा शब्द दिला होता. ठेकेदाराकडे कागद होता. ढिवरांकडे शब्द होता, आणि तो शब्द ऐकलेला एकच माणूस जिवंत होता, सोमाजी.

सोमाजी म्हणजे गावचा तुडूमवाला. तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीतून शेतांना पाणी सोडायचं दार. ते किती उघडायचं, कधी मिटायचं, हे चाळीस वर्षं सोमाजीच्या हातात. वाळलेल्या सागाच्या खोडासारखा म्हातारा. आणि बारा वर्षं झाली, बहिरा.

साहेबांनी विचारलं, "आजोबा, तुमचं वय काय?"

सोमाजी म्हणाला, "गाय? दोन हायेत जी."

साहेब ओरडून म्हणाले, "तुमचा बाप काय करीत असे?"

"साप? लई निंगतेत जी पाळीवर. परवाच एक मारला."

चावडी हसली. ठेकेदार सगळ्यांत मोठ्याने हसला. साहेब हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी टाक खाली ठेवला आणि सांगितलं की पंधरा दिवसांनी पुन्हा येईन. ठेकेदाराने कागद अस्सल आणावा, नक्कल चालणार नाही. आणि म्हाताऱ्याची साक्ष घेता आली तर घेईन. नाही आली तर कागदावरून निकाल द्यावा लागेल, माझा इलाज नाही. ढिवरांची तीसेक घरं त्या एका वाक्यावर उठून गेली. तलाव गेला तर पोटाला काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी रेडिओ मिटत होतो तर सोमाजीची बायको भागाबाई समोर येऊन बसली. लहानखुरी, कपाळावर गोंदण, तोंड विळीसारखं.

"तूच ना थो माशीवाला?"

मी म्हटलं, हो.

"लहान आवाज मोठा करते म्हनते तू. मंग आमच्या बुढ्याच्या कानाचं काऊन नाई करत? दिवसभर भिताडाशी बोलून राह्यली मी."

माझ्यातला नट जागा झाला. मी उभा राहिलो, छातीवर हात ठेवला आणि भर चावडीत जाहीर केलं की पंधरा दिवसांत सोमाजीभाऊंना ऐकू येईल. ठेकेदार दारातून म्हणाला, "कान तर हायेतच. आता त्यात माश्या सोड." मी सायकलवर बसलो आणि अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून बसलो.

व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर म्हाताऱ्याच्या कानाला कसा लावायचा? बॅटरीसकट त्याचं वजन एका बकरीएवढं. पण माझ्या फळीखाली एक खजिना होता, आणि तो मला एका वानराने मिळवून दिला होता. जंगलातल्या एका डाकबंगल्यावर उतरलेल्या पाहुण्याचा खिशातला परदेशी रेडिओ काळतोंड्या वानराने व्हरांड्यातून पळवला, सागाच्या शेंड्यावर नेऊन बघितला, त्यात खायला काही नाही असं ठरवलं आणि खाली टाकला. पाहुण्याने तुकडे मला दिले आणि मेला म्हणून पाठ फिरवली. व्हॉल्व्ह असता तर काचेचा चुरा उरला असता. यातून सहा ट्रान्झिस्टर ठणठणीत निघाले. पावट्याच्या दाण्याएवढे, प्रत्येकाला तीन पाय. सोबत कानात घालायची एक बोंडी. वर्षभर मी ते रुमालात बांधून ठेवले होते आणि अधूनमधून उघडून नुसते बघत होतो.

ट्रान्झिस्टर काय करतो, हे मला पुस्तकातून धड कळलं नव्हतं. कळलं ते सोमाजीच्या तुडुमावरून. लोकांना वाटतं की यंत्र लहान आवाजाला फुगवून मोठा करतं. तसं मुळीच नाही. तलावात पाणी भरलेलं असतं, ती बॅटरी. खाली पाट, तो कानाकडे जातो. मधे तुडूम. सोमाजी दोन बोटांनी दार जरा उचलतो आणि पाटाला हत्तीच्या सोंडेएवढी धार सुटते. ताकद सोमाजीची नाही, तलावाची. सोमाजीचा नुसता हुकूम. तीन पायांपैकी एक तलावाला, एक पाटाला, आणि तिसरा सोमाजीच्या बोटांत. बोटं जशी हलतील तशीच धार हलते. लहान आवाज हुकूम देतो, मोठं काम बॅटरी करते. व्हॉल्व्हचंही तेच, पण त्याला आधी आत चूल पेटवून द्यावी लागते. याला चूल नाही, अडीचशे व्होल्ट नाहीत, थरथरतं पातं नाही. बॅटरीच्या साध्या सेलवर काम. म्हणजे घूं करायला काही उरलंच नाही. मला नाचावंसं वाटलं, आणि दुकानात कुणी नव्हतं म्हणून मी नाचलो.

लष्कराच्या जुन्या सामानातला एक कानावर लावायचा हेडफोन माझ्याकडे होता. तो उलटा वापरला की बोललेलं पकडतो. त्यापुढे तीन तुडूम एकापुढे एक, पहिल्याचं पाणी दुसऱ्याला हुकूम देणार, दुसऱ्याचं तिसऱ्याला. शेवटी बोंडी. सगळं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. सहाव्या दिवशी मी ते घेऊन वाजतगाजत गावात गेलो.

बोंडी सोमाजीच्या कानात घातली. तो दचकला. मग डोळे मिटले. मी म्हटलं, "बाप." तो म्हणाला, "साप." मी ओरडलो, "बाप." त्याने बोंडी उपटून हातात धरली.

"आवाज आला जी," तो म्हणाला. "बोलनं नाई आलं."

सारा गाव अंगावर आला म्हणाला. बैलाचा घुंगरू, उखळातलं कांडण, स्वतःचं धोतर, सगळं एकदम. पण त्या गलबल्यात शब्द काही सापडला नाही. मला लाज वाटली. आणि एक गोष्ट कळली जी मला आधी कळायला हवी होती. बहिऱ्याला आपण ओरडून बोलतो तो मूर्खपणा असतो. म्हातारपणी कान सगळाच जात नाही. 'आ' ऐकू येतो, 'ब' आणि 'स' जातात. बाप आणि साप यांचं अंग सारखं, नुसती नखं वेगळी. सोमाजीला अंग ऐकू येत होतं, नखं नव्हती. आणि मी त्याला अंगच आणखी मोठं करून दाखवत होतो.

सोमाजी उठला आणि पाळीवर जाऊन जाळं विणायला बसला. मी शेजारी बसलो, जाण्यासारखं तोंड नव्हतं म्हणून. तो खुणेने आणि बोलून मला समजावू लागला, जणू मीच बहिरा. म्हणाला की जाळं मोठं केलं म्हणून हवी ती मासोळी भेटत नाही. डोळा पाहावा लागते. हा बारीक डोळा, यातून झिंगासुद्धा सुटत नाई. हा मोठा, यात मरळ राह्यते, झिंगे निंगून जाते.

मी त्याच्या हातातलं जाळं हिसकावून घेतलं. म्हातारा बघतच राहिला.

आवाजातही मरळ असते आणि झिंगे असतात. ढोलाची घुमघुम, बैलाचं हंबरणं, 'आ'चा फुगवटा, या संथ, जाड लाटा म्हणजे मरळ. 'स', 'त', 'क', 'प' या झटपट, बारीक लाटा म्हणजे झिंगे. आणि कंडेन्सर, तोच माझा रांजण, पण चिमुकला घेऊन वाटेत आडवा बसवला, तर तो मोठ्या डोळ्याचं जाळं होतो. बारीक लाटा त्यातून पार होतात, जाड अडकतात. इंग्रजीत याला फिल्टर म्हणतात, म्हणजे गाळणी. दोन वर्षांपूर्वी गाळणी सुकली म्हणून माझी अब्रू गेली होती. आता गाळणीच ती परत आणणार होती. मी सोमाजीला हातवारे करून हे सांगितलं. मरळ जाळ्यात राहील, ती फेकून द्यायची. जे सुटलं ते आपलं.

त्याला कळायला वेळ लागला. मग त्याच्या बोळक्या तोंडाला हसू फुटलं.

"भागा," तो पाळीवरून ओरडला, "हा पयला मानूस पाह्यला. मासोळी फेकते अन् सुटलं थे खाते."

चांद्याला जाऊन मी ट्रान्झिस्टरांच्या मधे बसवलेले मोठे कंडेन्सर काढले आणि लहान घातले. दिवसभर डाग द्यायचा, ऐकायचं, पुन्हा काढायचं. ट्रान्झिस्टरचा पाय चिमट्याने धरल्याशिवाय सळई लावायची नाही, नाहीतर दाणा भाजतो. एक भाजला. पाच उरले. अगदी बारीक डोळ्याची दुसरी गाळणी शेवटी लावली, कारण झिंग्यांच्या मागून गाळही येतो, सूंऽऽ असा. दोन जाळ्यांच्या मधे जे उरलं, ते बोलणं.

बाराव्या दिवशी मी पुन्हा पाळीवर होतो, या वेळी वाजतगाजत नाही. तोंडावर गमछा धरला, ओठ दिसू नयेत म्हणून.

"बाप."

"बाप," सोमाजी म्हणाला.

"साप."

"साप." मग थोडं थांबून, "ताप. कापूस. पुढं बोल ना बावा."

मागे भागाबाई स्वतःशीच पुटपुटली की आता बुढा दिवसभर कान खाजवत बसन. सोमाजी मान न वळवता म्हणाला, "खाजवीन. माह्या कान हाय." भागाबाईने पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडे बघू लागली.

मी टाळ्यांची वाट पाहत होतो. पण सोमाजीचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. तो मान तिरकी करून पाळीच्या खाली कुठेतरी ऐकत होता. मग डबा काखेत धरून उठला आणि तरातरा निघाला. आम्ही मागे. तुडुमाशी जाऊन तो वाकला.

"झिरपून राह्यला," तो म्हणाला. "कवापासून झिरपून राह्यला, अन् मले कोनी सांगतलं नाई."

पाण्याची बारीक ठिबक. आम्ही सगळे ती रोज ऐकत होतो, म्हणून ऐकत नव्हतो. म्हाताऱ्याने बोंडी कानात तशीच ठेवून चिखल आणि चिंध्या कोंबून ते बंद केलं आणि मगच पाळीवर चढला. धंद्यात मला पुढे पुष्कळ शाबासक्या मिळाल्या. त्या चिखलाची सर एकीलाही नाही.

आता एकच शत्रू उरला होता, ऊन. हे ट्रान्झिस्टर तापले की त्यांचं दार आपोआप जास्त उघडतं, जास्त पाणी वाहतं, म्हणून आणखी तापतात, म्हणून आणखी उघडतात. शेवटी तुडूम फुटल्यासारखं, नुसता घोगरा खरखराट. मी चिंतेत पडलो. सोमाजीला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्याने डबा मेणकापडात बांधला, मासोळ्यांच्या टोपलीत ओल्या शेवाळात आणि कमळाच्या पानांत पुरला, वर ओलं गोणपाट टाकलं, नुसता बोलणं पकडणारा हेडफोन तारेने बाहेर ठेवला. बाजाराला मासोळी जित्ती न्यायची तर अशीच नेतात म्हणाला.

चौकशीचा दिवस उजाडला. सोमाजी टोपली घेऊन चावडीत बसला, तारेची बोंडी कानात, आणि चावडीभर मासळीचा वास. साहेबांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, हे काय आहे. मी पुढे झालो, तलाव, तुडूम, मरळ आणि झिंगे असं सगळं नाटक हातवाऱ्यांसकट करून दाखवलं. साहेबांना मजा वाटली असावी. ठेकेदाराला वाटली नाही. तो म्हणाला की या डब्यातून मिस्त्रीच म्हाताऱ्याच्या कानात उत्तरं सांगत नाही कशावरून? हा भोंगेवाला आहे, याने आमच्या वऱ्हाडाला दिवसाढवळ्या माश्या दाखवल्या.

तर्क बिनतोड होता. साहेबांनी मला मोहाच्या झाडाकडे बोट दाखवलं. तिथे बसा, निकाल होईपर्यंत उठायचं नाही.

म्हणून मी पाहिलं नाही. मला दिसत होतं ते एवढंच, चावडीच्या दारातून भागाबाई लोटा घेऊन धावत निघाली, तलावावर गेली, भरून परत गेली. म्हणजे गोणपाट सुकलं. थोड्या वेळाने पुन्हा धावली. म्हणजे दाणे तापू लागले. तिसऱ्यांदा ती धावली तेव्हा मी मोहाची सगळी पडलेली फुलं एक एक करून मोजत होतो आणि एकही आकडा लक्षात राहत नव्हता. त्या दिवशी त्या गावात ज्याला काही ऐकू येत नव्हतं असा एकच माणूस होता, आणि तो मी.

आत झालं ते असं. साहेबांनी खालच्या आवाजात वय विचारलं. सोमाजी म्हणाला, "बहात्तर असन जी. मागल्या बारी तुम्ही गाय इचारली होती." चावडी हसली, या वेळी त्याच्या बाजूने. मग बापाचं विचारलं, पाळीचं विचारलं, मालगुजार काय बोलला ते विचारलं. सोमाजीने सावकाश सगळं सांगितलं. साहेब लिहीत गेले. पण शब्द तो शब्द, आणि कागद तो कागद. साहेबांनी ठेकेदाराला अस्सल कागद मागितला.

अस्सल कागद दोन पानांचा होता, दोऱ्याने शिवलेला. ठेकेदाराचा मुनीम पलीकडच्या कोपऱ्यात दप्तर सोडत होता. ठेकेदार त्याच्यापाशी गेला, वाकला, आणि तोंडावर हात धरून कुजबुजला. साहेब समोर बसले होते, पाच-पन्नास माणसं होती, कुणालाही काही ऐकू आलं नाही.

आता इथे माझ्या गाळणीची खरी गंमत. कुजबुज म्हणजे काय? जिला अंगच नाही असा आवाज. नुसती नखं. मरळ एकही नाही, सगळे झिंगे. मी बारा दिवस खपून जे यंत्र केलं होतं, ते साहेबांच्या ओरडण्यासाठी नव्हतंच. ते जणू कुजबुजीसाठीच जन्माला आलं होतं, आणि हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

सोमाजीने मान वर केली.

"साहेब," तो म्हणाला, "ठेकेदार मुनीमजीले म्हनून राह्यला का दुसरं पान दाखवू नको. कोनतं दुसरं पान जी?"

साहेबांनी हात पुढे केला. मुनीमाने ठेकेदाराकडे पाहिलं, ठेकेदाराने छताकडे पाहिलं. पहिल्या पानावर लिहिलं होतं, तलावाचा ठेका दिला. दुसऱ्या पानावर त्याच हस्ताक्षरात लिहिलं होतं, ठेका फक्त शिंगाड्याचा. पाळ आणि तुडूम ढिवरांनी राखावा, मासोळी वहिवाटीप्रमाणे त्यांचीच. बापाला मिळालेला कागद मुलाने अर्धाच दुमडून वापरला होता.

मला कळलं ते ढिवरांच्या बायका बाहेर आल्या तेव्हा. त्या ओरडल्या नाहीत. त्या सरळ चालत तलावात गेल्या, लुगड्यांसकट, कमरेइतक्या पाण्यात, आणि एकमेकींवर पाणी उडवू लागल्या. त्या तलावात माणसं दुसऱ्यांदा माझ्यामुळे उतरत होती. या वेळी मी भोंगा बंद करायला धावलो नाही.

नोंद झाली. जाताना साहेबांनी मला बोलावून विचारलं की मागच्या वेळी माझं ओरडणं त्याला कळलं नाही आणि आज पलीकडची कुजबुज स्वच्छ कळली, हे कसं? मी सांगितलं. ते म्हणाले, "मिस्त्री, हे यंत्र आमच्या कचेरीत आणू नका."

ठेकेदार? तो सहा महिने माझ्याशी बोलला नाही, मग धाकट्या मुलीच्या लग्नाला भोंगा मागायला स्वतः आला. मांडव तलावापासून लांब घातला होता. 'आग्या मिस्त्री' हे नाव मात्र गळून पडलं. त्या पट्ट्यात लोक मला 'दुसरं पान' म्हणू लागले. लग्नात आहेर वाचायला भोंगा लागला की कुणीतरी म्हणायचंच, दुसरं पान बोलवा.

एक खंत राहिली, ती सुरुवातीलाच सांगितली. सेल संपले की सोमाजी महिन्या-दीड महिन्याने चांद्याला यायचा, सुकवलेल्या झिंग्यांची पुडी माझ्या फळीवर ठेवायचा. भागाबाईची तक्रार त्याच्याबरोबर यायची, की बारा वर्षं मनातलं तोंडाने बोलायची सवय लागली, ती आता मोडत नाही आणि बुढा प्रत्येकाला उत्तर देतो. एकदा मी त्याला म्हटलं, सोमाजीभाऊ, सगळ्यांनी ऐकलं, पाहिलं, एक मीच राहिलो झाडाखाली.

त्याने कानातली बोंडी काढली, धोतराच्या सोग्याने पुसली, आणि माझ्या कानात घातली. डबा माझ्या पुढ्यात ठेवला. मग रस्ता ओलांडून पलीकडच्या भिंतीपाशी गेला. मधून टांगे जात होते, एक भंगारवाला ओरडत होता. सोमाजीने ठेकेदारासारखं पोट पुढे काढलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, वाकला, आणि तोंडावर हात धरला.

टांग्याचा खडखडाट कुठल्या कुठे मागे पडला. माझ्या कानाच्या अगदी आत, एक एक नख स्वच्छ, मला ऐकू आलं: "दुसरं पान दाखवू नको."